अण्णा, तो फिल्टर मी बसवला होता

अण्णा, शेंडगे मॅडमच्या गाडीचा तो फिल्टर मी बसवला होता. गिअरबॉक्सच्या तळाचा चेंबर मी बंद केला, तेल मी भरलं आणि दाबाचा गेज न लावता गाडी मीच त्यांच्या ताब्यात दिली. गाडी परत आली तेव्हा त्यांनी विचारलं, गिअरबॉक्स कुणी बंद केला, आणि मी तुमचं नाव सांगितलं. तेवढ्यावर थांबलो असतो तर घाबरून तोंडातून निघून गेलं, अशी मनाची समजूत तरी घालता आली असती. पण मी पुढे म्हणालो, "अण्णांचा हात हल्ली थरथरतो हो."

तुम्ही जाऊन आज नऊ दिवस झाले. कुंडलच्या चौकात तुमच्या श्रद्धांजलीचा फलक लागला आहे. त्यावर सैन्यातली तुमची वर्षं आहेत, सांगलीतल्या गॅरेजची वर्षं आहेत आणि कोट घातलेला, काळ्या केसांचा एक फोटो आहे. तो तुमच्या पुतण्यानं कुठून शोधला कोण जाणे. कोटातले अण्णा मी कधी पाहिले नाहीत. मला आठवतात ते खाकी हाफ शर्टातले, गाडीखाली सरकण्याआधी चष्म्याची दोरी मानेमागे घट्ट करणारे.

मी तुमच्याकडे सांगलीच्या विश्रामबागेत आलो तेव्हा तेहतीस वर्षांचा होतो. साताऱ्यात दहा वर्षं गॅरेजात काढली होती आणि आपल्याला सगळं येतं अशी माझी खात्री होती. ऑटोमॅटिक गाड्या तेव्हा आपल्याकडे नुकत्या दिसायला लागल्या होत्या. बाकीची गॅरेजं त्या गाड्या दारातूनच पुण्याला पाठवायची, तुम्ही ठेवून घ्यायचात. माझ्या पहिल्याच आठवड्यात जतचे एक डाळिंबवाले बागायतदार गाडी घेऊन आले. दुसरीकडे गिअरबॉक्सचं काम करून घेतलं होतं आणि तेव्हापासून लिव्हर पुढे टाकला तरी गाडी लगेच हलायची नाही. दोन-तीन सेकंद नुसती उभी, मग धाडकन झटका देऊन निघायची. बागायतदार म्हणाले, "अण्णा, रुसलेल्या पाव्हणीगत करती बघा."

"पाव्हणी आवाज दिल्यावर येती तरी," तुम्ही म्हणालात. "हिला झटका आल्याबिगर सुदरत न्हाई."

मी लगेच सांगून टाकलं की गिअरबॉक्स उतरवावा लागेल. तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बागायतदारांना खुर्ची दिलीत आणि विचारायला सुरुवात केलीत. उशीर सकाळी पहिल्यांदा होतो की गाडी तापल्यावर? पुढे जाताना, मागे घेताना, की दोन्हीकडे? काम झाल्या दिवसापासून की चार दिवसांनी? आदल्या गॅरेजवाल्यानं तेल मोजलं तेव्हा इंजिन चालू होतं की बंद? शेवटच्या प्रश्नावर ते म्हणाले, बंदच होतं, आवाजात बोलता येईना म्हणून त्यानं बंद केलं.

मग तुम्ही फळ्या आणल्यात. आपल्या गॅरेजची फरशी पाणी वाहून जावं म्हणून फाटकाकडे उतरती होती. तिच्यावर मोजलेलं तेल खोटं बोलतं, असं तुम्ही म्हणायचात. त्यासाठी दोन फळ्या तासून ठेवल्या होत्या. चाकं त्यांच्यावर चढवली, गवंड्याची पाणसळ लावून गाडी सपाट असल्याची खात्री केली, तेल तापू दिलं, ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर सगळ्या जागांवरून सावकाश फिरवला आणि इंजिन चालू ठेवून तेल मोजायची पट्टी काढली. तेल जवळजवळ एक लिटर कमी होतं. ते भरलं आणि गाडी लिव्हर टाकताच निघाली. तुम्ही पट्टी पुसत मला म्हणालात, "गिअरबॉक्स उतरवाय निगाला हुता. आदी मोज की गड्या."

त्या दिवशी मला तुमचा राग आला होता. चारचौघांत पाडून बोललात म्हणून. मी दोन दिवस गाल फुगवून काम केलं आणि तिसऱ्या दिवशी त्या फळ्या तुमच्या आधी मीच काढून ठेवल्या. दुपारी तुमच्या डब्यातला खर्डा माझ्या भाकरीवर ठेवलात.

पुढची बारा वर्षं मी तुमच्याकडून एकच गोष्ट वेगवेगळ्या गाड्यांवर शिकत गेलो. गार गाडीला पहिल्यांदा उशीर आणि मग बरी, म्हणजे उभ्या गाडीत तेल खाली उतरून जातंय. तापल्यावर उशीर, म्हणजे आतली रबराची सीलं म्हातारी झाली. नुसत्या रिव्हर्सला उशीर, तर त्याच्याच क्लचकडे बघ. दोन्हीकडे उशीर, तर जिथं दोघांची वाट एक आहे तिथं बघ. आणि दुरुस्तीनंतर आलेला उशीर असेल तर आधी स्वतःकडे बघ. हे शेवटचं तुम्ही दर वेळी सांगायचात. "गाडीनं नवं काय केल्यालं नसतंय. आपुन केल्यालं असतंय. कुटं कुटं हात लावला त्येची यादी काड." तुम्ही खरंच यादी काढायचात, पाकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूला, पेन्सिलीनं. आणि गिअरबॉक्समधून निघालेला प्रत्येक जुना भाग पत्र्याच्या एका ट्रेमध्ये, निघाला त्याच क्रमानं मांडून ठेवायचात. गाडी आठ दिवस चालेपर्यंत त्या ट्रेमधलं काही टाकायचं नाही. नवीन काय बसवलं ते आपण सांगतो, पण जुनं सगळं बाहेर आलं का, ते फक्त ट्रे सांगतो, हे तुमचं म्हणणं.

आपला वाद स्कॅनरवरून होता आणि तो आपण शेवटपर्यंत मिटवला नाही. मी म्हणायचो, आधी स्कॅनर लावा, गाडी स्वतः सांगते. तुम्ही म्हणायचात, गाडीला जे ठाऊक आहे तेवढंच ती सांगणार, तेलाचा दाब गेजवर बघ. एका गाडीत मात्र माझं खरं ठरलं होतं. क्लच नवे, दाब बरोबर, सीलं चांगली, तरी गिअर लागायला उशीर. तुम्ही चार दिवस डोकं लावलंत. मी शेवटी गाडीच्या कॉम्प्युटरमधली जुनी आठवण पुसली आणि गाडी कंपनीच्या पद्धतीनं हळूहळू चालवून नव्या क्लचची ओळख करून दिली. जुन्या, झिजलेल्या क्लचच्या हिशेबानं ती अजून दाब देत होती. गाडी सुधारली. मालक आला तेव्हा तुम्ही मला आतून हाक मारलीत आणि त्याच्यासमोर म्हणालात, "हे मला ठावं न्हवतं. ह्यानं काडलं. मी चार दिस नुसता खेळत हुतो."

तुम्हाला ते सांगायची काहीच गरज नव्हती. मालकानं विचारलंही नव्हतं. पुढे कितीतरी दिवस तुम्ही ही गोष्ट चहाच्या गाड्यावर दुसऱ्या गॅरेजवाल्यांना सांगत होता आणि सांगताना तुम्हालाच हसू येत होतं.

आता त्या दसऱ्याचं.

शेंडगे मॅडम विश्रामबागेतल्या कॉलेजात शिकवायच्या. डावा गुडघा दुखायचा म्हणून ऑटोमॅटिक गाडी घेतलेली. आई साताऱ्यात एकटी, त्यामुळे दर शनिवारी सांगली-सातारा. त्यांचा गिअरबॉक्स आपण पूर्ण उघडला होता. क्लच तुम्ही भरलेत, पंप तुम्ही बसवलात. अष्टमीच्या दिवशी दुपारपर्यंत व्हॉल्व्ह बॉडी, म्हणजे तेलाला वाटा दाखवणारी ती बारीक नाल्यांची पेटी, तीही तुम्ही जागेवर चढवलीत. मग घरच्या नवरात्रासाठी कुंडलला निघालात. जाताना म्हणालात, फिल्टर आणि चेंबर तू बसव, गेज लावल्याशिवाय गाडी देऊ नकोस आणि ट्रेमधलं टाकू नकोस.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. हत्यारांची पूजा, म्हणून आदल्या दिवशी सगळं गॅरेज धुऊन काढायचं ही आपली पद्धत. मी सकाळीच धुवायला काढलं होतं आणि त्या भरात ट्रे रिकामा करून घासून मागच्या बाजूला उन्हात ठेवला होता. तुम्हाला हे सांगितलं नाही. संध्याकाळी फिल्टर बसवताना तो सहज बसला नाही, जरा जोर लावावा लागला. मला वाटलं, नवीन सील आहे, असंच असणार. तेल भरलं, इंजिन चालू करून लिव्हर टाकला, गाडी निघाली.

नवमीला पूजा मांडली. पाने, जॅक, स्कॅनर आणि पाटावर मधोमध तुमचा गेज, हळद-कुंकू आणि झेंडू वाहिलेला. दसऱ्याला पूजा उतरेपर्यंत कशालाच हात लावायचा नाही. दुपारी मॅडम आल्या. आईला सोनं द्यायला साताऱ्याला जायचं होतं. मी त्यांना सांगू शकलो असतो की गाडी दसऱ्यानंतर न्या. तुम्ही असता तर तेच सांगितलं असतंत, पूजेतला गेज तुम्हीही उचलला नसतात, पण गाडीही दिली नसतीत. मी दिली. त्या म्हणाल्या, "अण्णा नाहीत, तुम्ही तपासलंय ना सगळं?" आणि तुम्ही नसताना आपल्या एकट्याच्या शब्दावर गाडी जाते आहे, याचं मला अण्णा, सुख वाटलं. मी म्हणालो, तपासलंय.

साताऱ्यात त्यांच्या आईचं घर किल्ल्याखालच्या चढावर आहे. दसऱ्याच्या सकाळी गाडी रात्रभर उभी राहिलेली. मॅडमनी लिव्हर पुढे टाकला, ब्रेक सोडला. गाडी पुढे गेलीच नाही. ती उतारावरून मागे घरंगळली आणि फाटकाच्या खांबाला आपटली. त्याच फाटकात त्यांची आई तोरण बांधत होती. दोरा संपला म्हणून ती नुकतीच आत गेली होती.

दुसऱ्या दिवशी मॅडम गॅरेजच्या फाटकात उभ्या राहिल्या. तुम्ही कुंडलहून परत आला होता, आत चहा घेत होता. त्यांनी मला विचारलं आणि मी जे सांगितलं ते वर लिहिलंच आहे. थरथर खोटी नव्हती. वर्षभर तुम्ही कप ठेवलात की बशी वाजायची. पण पाना किंवा सील हातात आलं की तो हात कसा शांत व्हायचा, हे माझ्याइतकं जवळून कुणीच पाहिलं नव्हतं.

तुम्ही बाहेर आलात. मॅडम ओरडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "अण्णा, आई दोऱ्यासाठी आत गेली नसती तर काय झालं असतं? हात चालत नसेल तर माणसानं थांबावं."

तुम्ही आधी स्वतःच्या हाताकडे बघितलंत, मग माझ्याकडे. मी स्कॅनरच्या पडद्याकडे बघत होतो. तो बंद होता.

"गाडी ठिवा मॅडम," तुम्ही म्हणालात. त्या गेल्यावर मला म्हणालात, तू बघ, माझ्या कामाची तपासणी मी करणं बरोबर नाही.

मी तुम्ही शिकवलं तसंच केलं. गाडी रात्रभर उभी ठेवली, सकाळी गेज लावला. लिव्हर पुढे टाकला, काटा दोन सेकंद खालीच, मग उसळी. रिव्हर्सला तसंच. गाडी चालू ठेवून पुन्हा बघितलं, सगळं ठीक. म्हणजे उभ्या गाडीत तेल उतरत होतं आणि दोष दोघांच्या एकाच वाटेत होता. पट्टीवर तेलाला फेस होता, पंप कुठून तरी हवा ओढत होता. मी यादी काढली. चेंबर खोलला, फिल्टर ओढला. त्याच्या मानेवरचं नवीन सील एका बाजूला कापलं होतं. फिल्टरची मान बसते त्या भोकात मी बोट घातलं आणि बोटाला अजून एक सील लागलं. काळं, कडक, जुनं. जुना फिल्टर निघाला तेव्हा ते आतच राहिलं होतं आणि मी त्याच्यावर नवीन रेटून बसवलं होतं. ट्रे मांडलेला असता तर जुन्या फिल्टरशेजारची, सीलची मोकळी जागा मला दिसली असती.

दोन्ही सीलं मी खिशात घातली. नवीन सील तेल लावून बसवलं, सगळं पूर्ववत केलं, पुन्हा रात्रभर थांबून गेज लावला. काटा लिव्हरबरोबर उठला. बाहेर आलो. तुम्ही फाटकाजवळच्या खुर्चीवर होता. दोन दिवस तुम्ही आत पाऊल टाकलं नव्हतं.

"काय हुतं?"

"व्हॉल्व्ह बॉडीखालचं सील दुमडलं होतं," मी म्हणालो.

"कुटलं?"

"मागच्या बाजूचं."

तुम्ही डोळे मिटलेत. तुमची बोटं हवेत हलत होती, अष्टमीच्या दुपारी ते सील जसं बसवलं होतं तशी. मग म्हणालात, "बसल्यालं वाटलं हुतं रं. बोटाला कळलं कसं न्हाई?"

मॅडमसमोरचं खोटं मी घाबरून बोललो, असं अजूनही कुणी म्हणेल. हे दुसरं मी विचार करून बोललो. दोन सीलं माझ्या खिशात होती.

आठ दिवसांनी तुम्ही मला म्हणालात, चल, मॅडमकडे जाऊन येऊ. मला गाडी चालवायला लावलीत. त्यांच्या दिवाणखान्यात बसायला सांगितलं तरी तुम्ही बसला नाहीत. उभे राहून म्हणालात, "मॅडम, चूक माजी झाली. तुमच्या आईच्या जिवावर बेतलं आस्तं. मला माफी करा." वय सांगितलं नाहीत, हात सांगितला नाहीत, सणाची गडबड सांगितली नाहीत. मॅडमना भरून आलं. मी तुमच्या शेजारी गाडीची किल्ली धरून उभा होतो.

त्यानंतर तुम्ही गिअरबॉक्सला हात लावला नाहीत. सहा महिन्यांत गॅरेजची जागा सोडलीत आणि कुंडलला गेलात. सांगलीतल्या गॅरेजांत बोललं जाऊ लागलं की अण्णाचा हात गेला. मी साताऱ्यात स्वतःचं गॅरेज काढलं. तुम्हाला कुणाचा फोन आला की तुम्ही माझा पत्ता द्यायचात. एक गिऱ्हाईक मला म्हणालं, अण्णा सांगत होते, त्याच्याकडं जावा, आमच्यापेक्षा त्याचा हात चांगला हाय. मी त्याच्याकडे पाठ करून हात धूत राहिलो.

दोन वर्षं गेली. मग गेल्या महिन्यात तुम्ही नऊ वर्षांपूर्वी बांधलेला एक गिअरबॉक्स माझ्याकडे आला. तळाला दगड लागून चेंबर फुटला होता, म्हणून उघडावा लागला. आतलं पाहून मी बाकावर बसलो. एकाही सीलची कड उचललेली नव्हती. क्लिपांची तोंडं सगळी एका रेषेत. कुणाला दिसणार नाही अशा जागी, बोल्टच्या डोक्यावर पेन्सिलीची छोटी खूण, घट्ट केल्याची. हे काम तुमच्या त्याच हातानं केलं होतं आणि तो हात मी एका वाक्यात बाद करून टाकला होता. त्या रविवारी मी कुंडलला आलो.

तुम्ही ओसरीवर खाटेवर होता. हृदयाच्या दुखण्यानं आवाज बारीक झाला होता. मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून. तुम्ही मध्येच थांबवलंत.

"दोन सीलं?"

"हो."

"आन व्हॉल्व्ह बॉडी?"

"बरोबर होती. मी तिला हातही लावला नाही."

तुम्ही हळूहळू उठून बसलात. मग आत हाक मारलीत, "आगं, हिकडं ये. माजा हात बरूबर हुता."

वैनी दारात आल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तुम्हालाच सांगितल्यासारखं म्हणाल्या, "दोन वर्सं रोज ज्वारी निवडत बसताय. हात किती हालतोय ते बगाय." मग आत गेल्या. मी निघेपर्यंत त्या बाहेर आल्या नाहीत.

"मी मॅडमची माफी मागितली तवा तू तितंच हुतास न्हवं?" तुम्ही विचारलंत.

"होतो."

तुम्ही रागावाल, मला हाकलाल, अशी मी वाट बघत होतो. ते झालं असतं तर बरं झालं असतं. तुम्ही उशीला टेकलात आणि म्हणालात, "मला सांगून काय? मला आता कळलं. ज्येंच्याम्होरं बोल्लास त्येंला सांग. मॅडमना. गॅरेजवाल्यांना." मग थोड्या वेळानं तो नऊ वर्षांपूर्वीचा गिअरबॉक्स आतून कसा होता ते विचारलंत. मी एकेक भाग सांगत गेलो. तुम्ही डोळे मिटून ऐकत होता आणि मी खुणा केलेल्या बोल्टपाशी आलो तेव्हा म्हणालात, "व्हय, तितं करतो मी खूण." 'करायचो' म्हणाला नाहीत, 'करतो' म्हणालात.

त्या दिवशी माझ्याकडून एक राहून गेलं. मी दोष सांगितला, कारण सांगितलं, जुनं सील कुठं राहिलं होतं तेही सांगितलं. माफ करा, हे दोन शब्द मात्र मी बोललो नाही. तुम्ही बोलू दिले नाहीत असं नाही. मी बोललोच नाही.

मॅडमना फोन केला तर त्या परीक्षांच्या कामात होत्या. मला सुटल्यासारखं झालं. तुमचा फोन आला, "गेल्तास का?" मी म्हणालो, पुढच्या रविवारी नक्की. "बरं," तुम्ही म्हणालात. तो रविवार यायच्या आधीच, मंगळवारी, वैनींच्या भावाचा फोन आला.

रक्षाविसर्जनाला सांगलीतले बहुतेक गॅरेजवाले आले होते. बायकांच्या घोळक्यात शेंडगे मॅडमही होत्या, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या. रिवाजाप्रमाणे माणसं दोन शब्द बोलायला उभी राहू लागली. तुमच्या आळीतले एक गृहस्थ चांगलं बोलले, मनापासून बोलले. सैन्यातलं सांगितलं, कुणाची गाडी रस्त्यात बंद पडली तर तुम्ही जेवत्या ताटावरून उठायचात, ते सांगितलं. आणि शेवटी म्हणाले, "अखेरीला हातानं साथ दिली नाही, म्हणून काम सोडावं लागलं." मागे बसलेल्या गॅरेजवाल्यांनी माना हलवल्या. मग त्यांनी माझं नाव घेतलं, अण्णांचे पट्टशिष्य दोन शब्द बोलतील.

खिशात मी लिहून आणलेला कागद होता. त्यात तुमची स्तुती होती आणि त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. तो मी काढला नाही.

मी म्हणालो, अण्णांचा हात शेवटपर्यंत चांगला होता. मॅडम, तुमच्या गाडीतली चूक माझी होती. जुनं सील मी आत सोडलं, तपासल्याशिवाय गाडी मी दिली आणि अण्णांचं नाव मी सांगितलं. ते तुमच्या घरी माफी मागत होते तेव्हा खरं मला माहीत होतं आणि मी गप्प उभा होतो. गॅरेजवाल्यांनो, अण्णांचा हात गेला असं तुम्ही जे ऐकलं, ते माझ्यापासून सुरू झालं.

खंडेनवमी, धुलाई, पाटावरचा गेज, सगळं जिभेवर आलं होतं. तुम्ही मॅडमच्या दिवाणखान्यात कसे उभे होतात ते आठवलं आणि ते मी गिळलं. वैनी समोर बसल्या होत्या. त्यांनी पदर सावरला, पण नजर हलवली नाही. मी त्यांच्यापुढे हात जोडले आणि म्हणालो, "वैनी, दोन वर्षं अण्णांनी स्वतःला दोष दिला, तो माझ्यामुळं. मला माफ करा."

मग तुमच्या रक्षेकडे वळलो आणि मागच्या माणसापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "अण्णा, मी खोटं बोललो. मला माफ करा."